दोन पट्ट्यांच्या फटीतला सूर

आमच्या स्वीटगम गावात गिटारचा अँप, म्हणजे तिचा आवाज मोठा करणारी विजेची पेटी, एकच होता. तो शनिवारी सैतानाकडे कामाला असायचा आणि रविवारी देवाकडे.

शनिवारी संध्याकाळी लोरीनच्या अड्ड्यावर हॉलिस त्याला गिटार जोडायचा आणि असं काही वाजवायचा, की सज्जन माणसांनी कानांवर हात ठेवावेत. पण तेच सज्जन तिथे नाचत असल्यामुळे त्यांचे हात मोकळे नसायचे. रविवारी सकाळी तोच अँप हातगाडीवर घालून हॉलिस आमच्या धाकट्या जॉर्डन चर्चमध्ये आणायचा. वाटेत भेटणारा प्रत्येक जण त्याला हसून नमस्कार करायचा, पण हातगाडीत काय आहे ते कुणालाच दिसायचं नाही. चर्चच्या दारात सिस्टर ओझेला व्हिनेगरचं फडकं घेऊन उभ्या असायच्या. अँपला बिअरचा आणि तळलेल्या कॅटफिशचा वास यायचा, तो पुसून काढल्याशिवाय त्याला आत प्रवेश नव्हता. त्याच फडक्याने त्या हॉलिसलाही पुसायच्या असं लोक म्हणतात. मी एकदाच पाहिलं.

अँप जुना होता. हॉलिसच्या मामाने तो एका खेचराच्या बदल्यात घेतला होता आणि मामा मरेपर्यंत खेचरासाठी हळहळला, कारण खेचर निदान हाक मारली की यायचं. महापुरात हा अँप मिसिसिपी नदीतून तरंगत खाली गेला, कुठेतरी त्याचं मन लागलं नाही म्हणून प्रवाहाच्या उलट परत आला, आणि आला तेव्हा त्यावर एक कोंबडा बसलेला होता. तो कोंबडा पुढे जन्मभर सुरात आरवला. हॉलिसने एकदा तार जरा जोरात ओढली, तर शेजारच्या शेतातली कापसाची बोंडं हंगामाआधी फुटली. खोटं वाटत असेल तर त्या शेताला विचारा, ते अजून तिथेच आहे.

आणि अँप गुणगुणायचा. हॉलिस वाजवत असो वा नसो, बटण दाबलं की पोटात मधमाश्यांचं पोळं असल्यासारखी एकसारखी घूंऽऽ सुरू. आम्हाला ती ऐकू यायची नाही. गिरणीशेजारी राहणाऱ्याला गिरणी ऐकू येते का?

आता ओझेलाबाईंबद्दल. त्या आमच्या क्वायरच्या, म्हणजे चर्चच्या गायकवृंदाच्या, प्रमुख. मी त्यात खर्जात गायचो, म्हणजे जे सांगतोय ते आतल्या गोटातलं आहे. आमच्याकडे पियानो नव्हता आणि लागायचाही नाही. गाणं सुरू करण्याआधी ओझेलाबाई उजवा हात वर करायच्या आणि डोळे मिटायच्या. सगळं चर्च चिडीचूप. लोकांच्या हातातले पुठ्ठ्याचे पंखेसुद्धा थांबायचे. मग बाईंना सूर मिळायचा.

"मी शोधत नाही," त्या म्हणायच्या. "मला तो वरून दिला जातो."

आणि खरंच, दर रविवारी तोच सूर, तसूभर इकडेतिकडे नाही. पलीकडच्या गावात थोरलं जॉर्डन चर्च होतं. ते आमच्यातूनच फुटून निघालेलं, म्हणजे वयाने धाकटं, पण त्यांनी पाटीवर 'थोरलं' असं लिहून टाकलं, आता पाटीशी कोण भांडणार? आम्ही एकदा अँपबिंप घेऊन त्यांच्याकडे गायला गेलो, तर त्यांचा पियानोवाला साथीला बसला. त्याने काळी पाच दाबली, आम्ही तिच्या वर. पांढरी सात दाबली, आम्ही तिच्या खाली. घामाघूम होऊन शेवटी त्याने पियानोचं झाकण लावलं.

"बाई," तो म्हणाला, "तुमची माणसं पट्ट्यांवर गात नाहीत. पट्ट्यांच्या फटीत गातात."

"सूर देवाने केले," ओझेलाबाई म्हणाल्या, "पियानो माणसाने केला. माणसाला जागा कमी पडली, त्याला मी काय करू?"

अशा बाईच्या प्रेमात पडायला छाती लागते. रूफस टर्नबोला ती होती, पण तो तिचा उपयोग करत नव्हता. रूफस माझा मित्र, रेडिओ दुरुस्त करणारा. रेडिओच कशाला, विजेवर चालणारं जे जे काही रुसेल ते त्याच्याकडे यायचं. तो विधुर, ओझेलाबाई विधवा. त्याला त्यांच्याशी लग्न करायचं आहे हे गावातल्या कुत्र्यांनाही ठाऊक होतं. बाईंची इस्त्री त्याने इतक्यांदा दुरुस्त केली होती, की मूळ इस्त्रीतला फक्त आकार शिल्लक राहिला होता. पण प्रश्न काही त्याच्या तोंडातून बाहेर पडत नव्हता.

रूफसचा कामाचा धर्म एकच: आपल्या टेबलावरून गेलेलं यंत्र गुणगुणता कामा नये. चर्चमध्ये ती घूं एकट्या त्याला ऐकू यायची. प्रवचनभर तो दाढ दुखत असल्यासारखा गाल धरून बसायचा. पण हॉलिस त्याला अँपला बोट लावू देत नव्हता.

"बोलतोय ना तो?" हॉलिस म्हणायचा. "मग बोलत्याचं तोंड कशाला उघडून बघायचं?"

त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये इतकं उकडत होतं की नदीतले मासे सावली शोधत काठावर येऊन बसत. अशाच एका रविवारी, शेवटच्या गाण्याच्या शेवटच्या कडव्यात, अँपमधून धूर निघाला. पास्टर गिलयार्ड यांना वाटलं, पवित्र आत्मा अवतरला. त्यांनी संपलेलं प्रवचन पुन्हा सुरू केलं. धूर विरला, अँप मुका झाला, तरी पास्टर थांबायला तयार नव्हते.

सोमवारी हातगाडी रूफसच्या दुकानापुढे उभी राहिली. मागून ओझेलाबाई आल्या. मी तिथेच एका उलट्या खोक्यावर बसलो होतो, कारण माझी बसायची जागा तीच.

"ब्रदर टर्नबो," बाई म्हणाल्या, "महिनाअखेरीला होमकमिंग आहे, गाव सोडून गेलेले सगळे परत येतात. शिकागोची माणसं येतील, डेट्रॉईटची येतील. त्यांच्यापुढे माझा क्वायर मुक्या पेटीशेजारी उभा राहणार नाही."

"पुढच्या रविवारपर्यंत गाऊ लागेल, सिस्टर." रूफसने मागची फळी काढली होती. त्याचा उजवा हात अँपच्या पोटात आणि डावा पँटच्या खिशात.

"माझ्याशी बोलताना खिशातून हात काढा."

"काढता येत नाही, सिस्टर. बटण बंद असलं तरी आतले कंडेन्सर वीज धरून बसलेले असतात. दोन्ही हात आत घातले, तर ती एका हातातून शिरते, छातीत फेरफटका मारते आणि दुसऱ्या हाताने निघून जाते. जाताना मालकाला बरोबर नेते. मग तुम्हाला माझ्या दफनाला गावं लागेल."

"गाईन की. आनंदाने गाईन."

मी खोकलो. रूफसने घाम पुसला, अर्थात एकाच हाताने. मग त्याच्यात कुठून बळ आलं कोण जाणे.

"सिस्टर ओझेला, मला तुम्हाला एक विचारायचंय."

"ते तुम्हाला माझा पहिला काळा केस पिकला तेव्हापासून विचारायचंय," बाई म्हणाल्या. "होमकमिंग होऊ द्या. माझ्या क्वायरने डेट्रॉईटवाल्यांना रडवलं, तर जेवणाच्या वेळी विचारा."

"आणि उत्तर?"

"उत्तर प्रश्नाच्या मागून येत असतं." आणि त्या गेल्या. जाताना हसल्या असं रूफस म्हणतो. मला पाठ दिसत होती, पण पाठ हसरी होती खरी.

मग त्याने जे काम केलं, ते बघायला लोक यायचे. अँपच्या पोटातून गांधीलमाश्यांचं रिकामं पोळं निघालं, बाटल्यांची बुचं निघाली, कॅटफिशचा काटा निघाला आणि एक सोन्याचा दात निघाला. दात कुणाचा म्हणून विचारणा केली, तर ज्यांची बत्तिशी शाबूत होती तेसुद्धा हक्क सांगायला आले. रूफसने काचेचे व्हॉल्व्ह एकेक करून पुसले, मेलेले बदलले. लाकडी काडीने एकेक तार डिवचून बघितली, जिथे डाख सुटला होता तिथे नवा दिला. स्पीकरचा फाटका कागद चिकटवला. वरचं तपकिरी कापड साबणाने धुतलं, तर ते पिवळं निघालं. हॉलिस येऊन बघून गेला आणि म्हणाला, "हा माझा नाही."

सगळ्यात शेवटी ते जुने कंडेन्सर. बोटाएवढ्या पुठ्ठ्याच्या नळ्या, फुगलेल्या, टोकांना पांढरा बुरा आलेला.

"हेच ते," रूफस दात-ओठ खात म्हणाला. "भिंतीतून येणारी वीज मुळात गुणगुणतच येते, लेस्टर. ती गुणगुण गाळून घ्यायला ही गाळणी. गाळणी फाटली की कॉफीचा चोथा कपात. इतके रविवार मी चोथा पितोय."

त्याने त्या नळ्या चिमट्यात धरून दारापर्यंत नेल्या आणि मागच्या नाल्यात भिरकावून दिल्या. नव्या बसवल्या, बटण दाबलं.

"लाव ना," मी म्हणालो.

"लावलाय."

"काहीतरीच."

"हात लावून बघ. गरम आहे."

मी कान लावला. आत इतकी शांतता होती की मला माझीच आतडी ऐकू आली. रूफसच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. आई बाळाकडे बघते ना, तसा तो त्या पेटीकडे बघत होता.

पॉलिशचा शेवटचा हात द्यायच्या नादात शनिवार निघून गेला. त्या संध्याकाळी लोरीनच्या अड्ड्यावर संगीत नसल्यामुळे लोकांना एकमेकांशी बोलावं लागलं, आणि त्यात बऱ्याच सोयरिकी मोडल्या. रविवारी रूफसने स्वतः हातगाडी ढकलत अँप चर्चमध्ये आणला. ओझेलाबाईंनी फडकं उचललं, पण पुसण्यासारखं काही नव्हतं. तेव्हा त्यांनी रूफसच्या खांद्यावरची धूळ झटकली. खांद्यावर धूळ नव्हती.

पहिलं गाणं. बाईंनी हात वर केला, डोळे मिटले. चर्च चिडीचूप.

आम्ही वाट पाहिली. बाईंनी वाट पाहिली. कुणाच्या तरी बाळाने शिंक दिली. पास्टर गिलयार्ड यांनी घसा साफ केला. ओझेलाबाईंनी एक डोळा उघडून छताकडे पाहिलं, नळाला पाणी का येत नाही ते बघावं तसं. पुन्हा मिटला. शेवटी त्यांनी अंदाजाने सूर धरला.

तो सूर इतका उंच होता की वरच्या पट्टीत गाणाऱ्या बायका टाचा उचलून त्याला शिवायला गेल्या. आम्ही खर्जवाले घाबरून तळघरात उतरलो. मधल्या बायका कुणाचं ऐकावं या विचारात नुसत्याच तोंड उघडून उभ्या राहिल्या. हॉलिस चौथ्याच वाटेने निघाला, आणि अँप आता काचेसारखा स्वच्छ असल्यामुळे हॉलिस आजवर काय काय वाजवत आला होता ते गावाला पहिल्यांदा कळलं. गाणं चार रस्त्यांनी निघालं आणि एकाही रस्त्याने घरी पोचलं नाही. बाहेर खांबाला बांधलेला एक शिकारी कुत्रा दोर तोडून पळाला तो थेट थोरल्या जॉर्डनमध्ये जाऊन बाप्तिस्मा घेता झाला.

बाहेर पडताना रूफसने माझा दंड धरला. "ऐकलंस? एक कण गुणगुण नाही!"

"अरे, गाणं ऐकलंस का तू?"

"गाणं? का, काय झालं गाण्याला?"

काय झालं ते त्याला दुसऱ्या दिवशी कळलं. ओझेलाबाई दुकानाच्या दारात आल्या, आत आल्या नाहीत.

"देवाने माझा सूर काढून घेतलाय," त्या म्हणाल्या.

"असं कसं, सिस्टर?"

"तुमच्यामुळे." बाईंचा आवाज कधी नव्हे तो बारीक झाला होता. "डोळे मिटले की समोर देव असावा, ब्रदर टर्नबो. गेले काही रविवार माझ्यासमोर तुमचा टाय असतो. तो हिरवा. वरच्याला सगळं दिसतं. त्याने सूर घेतला, कारण मी चित्त दुसरीकडे दिलं. होमकमिंगला कसंबसं उभी राहीन आणि मग क्वायर सोडीन. तुम्ही मला जे विचारणार होता ते विचारू नका."

त्या दिसेनाशा होईपर्यंत रूफस दारात उभा राहिला. मग म्हणाला, "लेस्टर, तिच्यासमोर माझा टाय असतो!"

"हो. आणि त्या टायनेच तू फासावर गेलास."

तो आठवडा रूफसने उपाशीपोटी काढला असता, पण ऑडीच्या दुकानात सार्डिनचे डबे आले होते. म्हणून बुधवारी दुपारी मी त्याला तिकडे ओढून नेलं. दुकानात आम्ही पिंपाआड बसून खात होतो, तेवढ्यात ओझेलाबाई बेकिंग पावडर घ्यायला आल्या. आम्हाला त्यांनी पाहिलं नाही. ऑडी पावडर शोधायला मागे गेला आणि त्या थंड बाटल्यांच्या मोठ्या लाल पेटाऱ्याला टेकून उभ्या राहिल्या. उभ्या राहिल्या राहिल्या ओठातल्या ओठात गुणगुणू लागल्या. माझा चमचा हवेतच राहिला. तोच सूर! तोच, फटीतला!

बाईंनाही कळलं. त्यांनी छातीवर हात ठेवला. "प्रभू," त्या हळूच म्हणाल्या, "इथे? सार्डिनच्या डब्यांत?"

सूर हातातल्या दिव्यासारखा जपत त्या दाराकडे निघाल्या. दारापर्यंत गेल्या आणि सूर गेला. परत आल्या, पेटाऱ्यापाशी पुन्हा मिळाला. पुन्हा दाराकडे, पुन्हा गेला. शेवटी त्यांनी पेटाऱ्याला हात जोडले आणि पावडर न घेताच बाहेर पडल्या. "मी देवळात मागते आणि तो मला दुकानात देतो," असं त्या जाता जाता मागून आलेल्या ऑडीला सांगत होत्या. ऑडी म्हणाला, "बाई, आमच्याकडे सगळंच मिळतं."

मी रूफसकडे पाहिलं. तो सार्डिनसारखा पांढरा पडला होता.

"पेटारा," तो म्हणाला.

"काय पेटारा?"

"पेटारा गुणगुणतोय, लेस्टर. विजेवर चालतो ना. गावातली सगळी वीज एकाच सुरात गुणगुणते. पेटारा, रस्त्यावरचा दिवा..." त्याने सार्डिनचा डबा खाली ठेवला. "आणि जुना अँप."

मला समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा मी हसू लागलो, आणि त्याचा चेहरा पाहून थांबलो.

"जाऊन सांग तिला," मी म्हणालो. "तिला वाटतंय देवाने टाकलं. टाय निर्दोष सुटेल."

"काय सांगू? बाई, आजवर तुम्हाला वरून जो सूर मिळत होता, तो वरून नव्हता, खालून होता, एका फुगलेल्या कंडेन्सरमधून? ते ऐकून ती माझ्याशी लग्न करेल?"

"इस्त्री फेकून मारेल."

"तीही मीच दुरुस्त केलेली. नेम चुकायचा नाही."

"मग सांगू नकोस. ते जुने कंडेन्सर परत बसव."

"नाल्यात गेले."

"मग नव्यातली एखादी तार काप! एका तारेचा तर प्रश्न आहे. अँप गुणगुणेल, बाई गातील, डेट्रॉईटवाले रडतील, तुझं लग्न होईल."

पास्टरांच्या कॉफीत मीठ घाल म्हणून सांगावं तसा तो माझ्याकडे बघत राहिला. तरी शुक्रवारी हॉलिसकडून अँप मागून आणून त्याने प्रयत्न केला. मी साक्षीला होतो. अँप उघडला, एक हात खिशात, दुसऱ्यात कातर. कातर तारेपर्यंत गेली. थांबली. मग कातर बाजूला ठेवून त्याने शेजारचा एक सैल स्क्रू घट्ट केला. अँप होता त्याहून शांत झाला.

"हात ऐकत नाही," तो म्हणाला. "जन्मभर त्याला एकच शिकवलंय."

होमकमिंगचा रविवार उजाडला. चर्चसमोर इतक्या मोटारी लागल्या की शेवटची मोटार पलीकडच्या परगण्यात उभी करावी लागली, आणि तिचा मालक चर्चपर्यंत बसने आला. डेट्रॉईटहून हॉलिसचा भाचा व्हर्नन आला होता. टोकदार बूट, आणि तिकडे रेडिओच्या मोठ्या दुकानात कामाला. पुढच्या बाकावर बसून तो आपल्या मामाचा पिवळाधमक अँप न्याहाळत होता. ओझेलाबाई पांढऱ्या झग्यात उभ्या राहिल्या. त्यांनी आमच्याकडे पाहिलं ते निरोप घेतल्यासारखं. मग हात वर केला आणि डोळे मिटले.

शांतता. नव्या कंडेन्सरची शांतता.

तेवढ्यात मागच्या बाकावरून रूफस उठला. मधल्या वाटेने सरळ पुढे आला, अँपच्या मागे गेला आणि फ्यूज तपासायचं निमित्त करून गुडघ्यांवर बसला. आता, रूफस कधी गात नसे. चर्चमध्ये तो नुसते ओठ हलवायचा, कारण लहानपणी एकदा तो मोठ्याने गायला तेव्हा त्याच्या आईनेच त्याला बाहेर नेऊन बसवलं होतं. पण हा एक सूर त्याला ठाऊक होता. वैऱ्याचा चेहरा जसा माणूस विसरत नाही, तसा.

अँपमागून आली: घूंऽऽऽ.

काळी पाच आणि पांढरी सात यांच्या बरोबर मधोमध. मला तर आधी वाटलं, अँपच पुन्हा बिघडला, देव पावला. पण विजेला श्वास घ्यावा लागत नाही, माणसाला लागतो. घूं मध्येच तुटली, नाकाने हवा ओढल्याचा आवाज झाला, आणि पुन्हा घूं.

ओझेलाबाईंनी एक डोळा उघडला. क्वायरच्या जागेवरून अँपची मागची बाजू दिसते. तिथे रूफस बसलेला, गाल फुगलेले, कानशिलं लाल, डोळे गच्च मिटलेले. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. अँपकडे पाहिलं. पुन्हा त्याच्याकडे पाहिलं. त्या क्षणी त्यांच्या चेहऱ्यावरून काय काय गेलं ते मी शेजारून पाहिलं. इतक्या वर्षांचे सगळे रविवार एकामागून एक गेले असावेत. सगळं चर्च वाट बघत होतं. आता या हात खाली करतात आणि निघून जातात, असं मला वाटलं.

त्यांनी उघडलेला डोळा मिटला आणि सूर उचलला.

काय गायलो आम्ही! मी खर्जात इतका खोल गेलो की विहिरीचं पाणी ढवळलं. हॉलिससुद्धा गाण्याच्याच रस्त्याने चालला. डेट्रॉईटवाले रडले, शिकागोवाले त्यांच्याहून जास्त रडायच्या ईर्ष्येने रडले, आणि पायऱ्यांवरून जो ओहोळ गेला त्यात कुणाची तरी बदकं पोहत होती. दर गाण्याआधी बाई हात वर करायच्या आणि दर वेळी अँपमागून सूर यायचा. शेवटच्या गाण्यापर्यंत रूफस वांग्यासारखा जांभळा पडला होता.

मग चर्चमागच्या झाडांखाली जेवण. लांब टेबलं मांडलेली, कोंबडी, मक्याचे पाव, पीच भरलेली पेस्ट्री. व्हर्नन हातात ताटली घेऊन सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "मामा, अँप झकास दिसतो हं. पण दुरुस्त कुणी केलाय?"

"का रे?" हॉलिस म्हणाला.

"गुणगुणतोय. गाण्यांच्या मधे ऐकलं नाही का? आमच्या डेट्रॉईटच्या दुकानातून असं काम बाहेर पडलं, तर मालक करणाऱ्याचे कान उपटेल."

स्वीटगममध्ये आजवर रूफसच्या कामाला कुणी नाव ठेवलं नव्हतं. मी तोंड उघडलं, तर रूफसने टेबलाखालून माझ्या पायावर असा पाय दिला की माझ्या तोंडातलं वाक्य परत पोटात गेलं.

"मी केलाय," रूफस म्हणाला. त्याचा आवाज बसला होता. "कंडेन्सर हलके लागले असतील."

"तरीच," व्हर्नन म्हणाला. "चांगले वापरत जा, काका. ह्या चुका पोरासोरांनी कराव्यात."

"हो. चुकलंच."

ओझेलाबाई कोंबडीचं मोठं ताट घेऊन वाढत चालल्या होत्या. त्या तिथेच थांबल्या होत्या आणि त्यांनी सगळं ऐकलं होतं. आता, आमच्याकडे छातीचा मोठा तुकडा पास्टरांचा. त्याला दुसऱ्याने हात लावायचा नसतो. लहान पोरांना चालता येण्याआधी हे कळतं. पास्टर गिलयार्ड यांनी ताटली पुढे करूनही ठेवली होती. बाई त्यांच्यासमोरून तशाच पुढे गेल्या, टेबलाला वळसा घालून आल्या आणि छातीचा तो तुकडा रूफसच्या ताटलीत ठेवला.

मक्याचा पाव चावणारे चावायचे थांबले.

"बायबलात देव एकदा गाढवाच्या तोंडून बोलला होता," ओझेलाबाई म्हणाल्या. "ते एकदाच घडलं, असं मला वाटत होतं."

रूफसने मान खाली घातली. "सिस्टर, मला तुम्हाला सांगायचं होतं, पण..."

"तुला सांगायचं नव्हतं, विचारायचं होतं. ते विचार." मग त्यांनी लिंबू सरबताचा पेला त्याच्यापुढे सरकवला. "आधी पी. आणि पुढच्या रविवारी श्वास जरा हळू घे, मागच्या रांगेपर्यंत ऐकू येतो."

रूफस प्यायला, कोंबडीचा घास घेतला आणि भरल्या तोंडानेच विचारलं. काय विचारलं ते एक अक्षर कुणाला कळलं नाही. ओझेलाबाई "हो" म्हणाल्या.

पास्टर गिलयार्ड यांनी शेवटी आपल्या वाट्याला आलेल्या पंखाकडे पाहिलं, एक सुस्कारा टाकला आणि खिशातून पेन्सिल काढून लग्नाची तारीख विचारली.